कर्णकथा आणि दत्तक अपत्याचा मूळशोध

परक्या घरी वाढलेल्या अपत्याच्या आत्मशोधाचा विचार मराठीत निघाला की कर्णाचे नाव प्रथम पुढे येते, आणि बहुधा विचार तेथेच थांबतो. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘कौंतेय’ (१९५३) हे नाटक व रणजित देसाई यांची ‘राधेय’ (१९७३) ही कादंबरी यांची नावे शेजारी ठेवून पाहावीत. एकाच पुरुषाची ओळख एकदा जन्मदात्रीवरून, एकदा पालनकर्तीवरून! परंतु ‘कौंतेय’ हे नाव दिसते तितके सरळ नाही. कुंती ही मुळात यादवकुलातील शूराची कन्या पृथा. कुंतिभोजास दिली गेल्यामुळे ती कुंती झाली. म्हणजे कर्णाचे जन्मसिद्ध मानले जाणारे नावही दत्तक घराण्यातूनच आलेले आहे. केवळ रक्ताचे नाव हवे असल्यास त्याला ‘पार्थ’ म्हणावे लागेल. आणि ते तर अर्जुनाच्या वाट्याला गेले.

कर्ण आपले मूळ शोधतो काय? आदिपर्वात, शस्त्रकौशल्याच्या प्रदर्शनप्रसंगी, कृपाचार्य त्याला कुळ विचारतात आणि त्याची मान खाली जाते. तेथे प्रश्न दुसऱ्याचा आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला कुंतीपुत्र ठरवितो, ते ‘कानीन’ पुत्राच्या शास्त्राधारे, आणि पांडवांच्या हितासाठी. तेथे कर्ण म्हणतो की, हे सर्व आपण जाणतो. केव्हा जाणले, कोणाकडून, हे मात्र तो सांगत नाही. खरा शोध झाला असेल तर तो या मौनात झाला. विशेष हे की, मातापित्यांनी टाकलेल्या व दुसऱ्याने स्वीकारलेल्या ‘अपविद्ध’ पुत्राची स्मृतिकारांनी मान्य केलेली कोटी त्याला प्रत्युत्तरादाखल उपलब्ध होती. तिचा तो आश्रय घेत नाही. राधेला फुटलेला पान्हा, तिने काढलेले मलमूत्र, अधिरथाने करविलेले जातकर्म व ठेवविलेले ‘वसुषेण’ हे नाव, एवढेच तो पुढे करतो.

त्या मौनाची जागा मराठी लेखकांनी पुष्कळदा अवहेलनेच्या दुःखाने भरली. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली व कृष्ण असे सहाजण निवेदन करतात. पालित बंधू शोणाला वाणी मिळाली, पण राधेला व अधिरथाला मिळाली नाही. कादंबरीच्या विस्ताराकडे पाहता हा उणेपणा किरकोळ म्हणता येत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी कर्णावरील लेखास ‘मी कोण?’ असे नाव दिले, आणि प्रश्न निदान त्याच्या स्वतःच्या तोंडी आणला.

ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथे दत्तक म्हणून वाढणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ही पुस्तके सहज पडतात. डोंबिवलीत ‘जननी आशिष’सारखी संस्था दत्तकविधानाचे कार्य करीत आली आहे, तेव्हा हा वाचक काल्पनिक मानण्याचे कारण नाही. या मुलाला कथेत भेटतो तो ऐन युद्धाच्या तोंडावर उघडणारा गौप्यस्फोट. त्याच्यापुढील वाट मात्र निराळी आहे. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्यास मूळशोधासाठी स्वतः अर्ज करता येतो. त्याहून लहान असल्यास दत्तक मातापित्यांसह संयुक्त अर्ज करावा लागतो. जन्मदात्यांच्या गोपनीयतेस बाध आणता येत नाही. त्यांनी नकार दिल्यास, अथवा ते न सापडल्यास, अपत्य कोणत्या कारणाने व परिस्थितीत सोपविले गेले एवढे त्यास सांगितले जाते. त्रयस्थाला हा शोध घेण्याची मुभा नाही. या नियमाने कृष्णाची शिष्टाईच अडली असती! आणि राधेला, जिला कादंबरीत बोलू दिले गेले नाही, अर्जावर स्वाक्षरी करावी लागली असती.

अर्थात ही तरतूद मुख्यतः रीतसर सोपविलेल्या अपत्याच्या उपयोगी पडते. टाकून दिलेल्याच्या नस्तीत बहुधा मातेचे नावच नसते, आणि कर्ण या दुसऱ्या वर्गातला आहे. वनपर्वात पेटीचा प्रवास अश्वनदी, चर्मण्वती, यमुना व गंगा असा चंपानगरीपर्यंत दिला आहे. मूल अंगदेशात वाढत असल्याचे कुंतीला हेरांकडून कळले होते, असेही तेथे म्हटले आहे. राधेच्या हाती आली ती केवळ पेटी, आणि तीत कवचकुंडले ल्यालेले मूल.