पंतप्रतिनिधी, भवानराव : चित्रकार व कलादृष्टी

(२४ ऑक्टोबर १८६८–१३ एप्रिल १९५१). औंध संस्थानचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार, ग्रंथकार व कलासंग्राहक. संपूर्ण नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. ‘बाळासाहेब’ या नावाने ते अधिक परिचित होते. मुंबई विद्यापीठाचे ते पदवीधर होते. १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांनी राज्यकारभार पाहिला. औंध, आटपाडी, कुंडल असे त्यांच्या संस्थानचे तुटक भाग आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत मोडतात. इंदूर येथे १९३५ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सूर्यनमस्काराचा प्रसार आणि १९३९ मध्ये प्रजेला दिलेली स्वराज्याची घटना यांमुळे त्यांचे नाव सर्वदूर झाले. चित्रकला मात्र त्यांच्या बाबतीत राजेलोकांचा फावल्या वेळचा छंद नव्हती. आयुष्यभर त्यांनी निष्ठेने सांभाळलेले ते एक कार्य होते. या कार्याचे स्वरूप, त्यामागील भूमिका आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केल्याशिवाय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महाराष्ट्राच्या कलाजीवनाचे चित्र पूर्ण होत नाही.

भवानरावांच्या चित्रकलेचे मूळ कथनात आहे. ते स्वतः कीर्तन करीत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानाच्या द्वारे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभे केले जाते. त्यांची चित्रे ही या उत्तररंगाचीच दृश्य रूपे म्हणता येतील. चित्रातील प्रसंग पाहणाऱ्यास तत्काळ ओळखता यावा, पात्रांचे भाव हावभावांवरून स्पष्ट व्हावेत आणि प्रसंगाचे नैतिक तात्पर्य मनावर ठसावे, अशी त्यांची अपेक्षा दिसते. त्यांच्या उमेदीच्या काळात पौराणिक चित्रांवर राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचा प्रभाव होता. पाश्चात्त्य वास्तववादी तंत्राने रंगविलेली त्यांची देवदेवता व नायकनायिकांची चित्रे शिळाछापाच्या द्वारे घरोघरी पोहोचली होती. छायाप्रकाश, यथार्थदर्शन व शरीररचना यांविषयीची भवानरावांची दृष्टी याच परंपरेत घडली.

त्यांची सर्वांत महत्त्वाकांक्षी कथनात्मक चित्रकृती म्हणजे १९१६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेले चित्ररामायण. एकेका प्रसंगाचे सुटे चित्र काढण्याची रीत रूढ असताना संपूर्ण कथा चित्रांच्या क्रमाने सांगण्याची ही कल्पना विशेष होती. सुट्या चित्रात चित्रकाराला कथेतील सर्वांत उत्कट क्षण निवडावा लागतो. मालिकेत मात्र शांत, संक्रमणाचे व अल्पपरिचित प्रसंगही स्थान मिळवू शकतात आणि कथेला गती व विराम लाभतो. कीर्तनकाराची आख्यान लावण्याची हातोटी येथे उपयोगी पडली. तथापि प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे पाहिले असता, आकृतींची मांडणी रंगभूमीवरील दृश्यासारखी वाटते. पात्रे प्रेक्षकाभिमुख उभी असतात, हातवारे बोलके असतात. परंतु रंग व रेषा कथेहून वेगळे असे काही क्वचितच सांगतात. चित्राचा अर्थ कथा माहीत असण्यावर अवलंबून राहतो.

पौराणिक चित्रांतील वेशभूषेचा प्रश्न त्या काळी वादाचा होता. रविवर्म्यांच्या नायिकांची वस्त्रे व अलंकार समकालीन असून ते प्राचीन काळाशी विसंगत आहेत, असा आक्षेप घेतला जाई. भवानरावांनी या प्रश्नाला अभ्यासाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी १९१८ मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि आवृत्तीतील चित्रे काढण्याचे कामही स्वीकारले. या कामाचा प्रारंभ १९१९ मध्ये झाला. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला आणि ते पर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ती प्राचीन नमुन्यांवरून सचित्र केल्याचा व चित्रकार म्हणून भवानरावांचा उल्लेख आहे.

‘प्राचीन नमुन्यांवरून’ या शब्दांत त्यांची प्रौढ वयातील कलाभूमिका एकवटली आहे. संपादक ज्याप्रमाणे अनेक हस्तलिखिते ताडून प्रक्षिप्त भाग बाजूला काढतो व उपलब्ध होऊ शकेल असा सर्वांत जुना पाठ निश्चित करतो, त्याप्रमाणे चित्रकाराने लेणी व शिल्पे ताडून वस्त्रे, अलंकार, आसने, रथ व वास्तू यांची जुनी रूपे निश्चित करावी, अशी ही कल्पना होय. मराठी चित्रकलेत इतिहासदृष्टी आणण्याचा हा गंभीर प्रयत्न होता. मात्र पाठचिकित्सा आणि चित्रनिर्मिती यांच्यातील हे साम्य एका मर्यादेपर्यंतच टिकते. भारहूतचे शिल्प इ. स. पू. दुसऱ्या शतकातील आहे, तर अजिंठ्याची पुष्कळशी भित्तिचित्रे इ. स. पाचव्या शतकातील आहेत. त्यांपैकी कोणताही नमुना महाभारतकथेचा ‘मूळ पाठ’ नाही; प्रत्येकाने आपापल्या काळाचा वेश कथेवर चढविलेला आहे. रविवर्म्यांनी आपल्या काळाचा वेश पौराणिक पात्रांना दिला, हा दोष मानला, तर अजिंठ्याच्या चित्रकारांनीही तेच केले होते. यावरून असे दिसते, की चित्राची सत्यता वेशाच्या प्राचीनतेवर ठरत नाही.

दुसरी मर्यादा तंत्राची आहे. प्राचीन शिल्पांतून त्यांनी वस्तू घेतल्या. परंतु त्या शिल्पांमागील रचनेचे तत्त्व घेतले असे म्हणता येत नाही. अजिंठ्यातील आकृती प्रवाही रेषेने घडते. गर्दीच्या दृश्यातही एक देह दुसऱ्या देहाकडे नजर नेतो. भवानरावांच्या चित्रांत आकृती घडते ती छायाप्रकाशाने व वास्तववादी घनतेने. प्राचीन अलंकार तिच्यावर बाहेरून चढविल्यासारखे राहतात. याच काळात अवनींद्रनाथ टागोर (१८७१–१९५१) व त्यांचे शिष्य बंगालमध्ये परंपरेकडे वळले होते. नंदलाल बोस यांनी १९०९–११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या बरोबर अजिंठ्यातील चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामात भाग घेतला. या प्रवाहाने वेशापेक्षा रेषा व रंगसंगती यांचा शोध घेतला. त्यात भावविवशतेचा दोष पुढे शिरला, हे खरे. पण परंपरा ही वस्तूंची यादी नसून पाहण्याची पद्धती आहे, हे त्याने ओळखले होते. औंधच्या चित्रकाराला पुरातत्त्व जवळचे वाटले, बंगाली चित्रकारांना काव्य.

असे असले, तरी अजिंठा व वेरूळ यांविषयीची त्यांची आस्था केवळ नमुने गोळा करण्यापुरती नव्हती. वेरूळवरील त्यांचे मार्गदर्शक पुस्तक १९२९ मध्ये व अजिंठ्यावरील १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य प्रवाशाने लेणी समजून पाहावीत, हा त्यांचा हेतू होता. येथेही त्यांच्यातील निरूपणकार जागा आहे. जे आपण पाहिले ते दुसऱ्यास दाखविल्याविना त्यांना चैन पडत नसे.

या वृत्तीचा परिपाक म्हणजे औंध येथील मूळपीठाच्या डोंगरउतारावर १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय. दालनांत नैसर्गिक उजेड यावा अशी इमारतीची योजना आहे. पहाडी व इतर शैलींतील लघुचित्रे, रविवर्मा व महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्या चित्रकारांच्या कृती, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती, धातू, काष्ठ व हस्तिदंत यांतील कलावस्तू असा विविध संग्रह त्यात आहे. विख्यात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे शिल्पही तेथे आहे. नैतिक तात्पर्याच्या कसोटीवर ज्याची चित्रे उभी आहेत, त्याच्या संग्रहालयात कथा न सांगणारे, केवळ दगडाच्या आकारातून बोलणारे हे शिल्प असावे, हे लक्षणीय आहे. संग्राहक म्हणून त्यांची दृष्टी चित्रकार म्हणून असलेल्या दृष्टीहून अधिक उदार होती. त्यांच्या स्वतःच्या चित्रांचे न्यून दाखवून देणारा पुरावाही त्यांनीच जमविला व लोकांसाठी खुला केला.

त्यांच्या राज्यात चित्रकलेला पोषक वातावरण होते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले चित्रकार व वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) हे १९१८ मध्ये औंधास येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर (१९१५–२००६) औंधला वाढले व पुढे चित्रकार आणि महाराष्ट्राचे कलासंचालक म्हणून नावारूपास आले. श्रीपाद सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकलेले शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. त्याचे जन्मस्थान किर्लोस्करवाडी. भवानरावांनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये वसलेली ही कारखान्याची वसाहत आज सांगली जिल्ह्यात आहे.

सूर्यनमस्कार, कीर्तन, ग्रामस्वराज्य व चित्र ही भवानरावांच्या दृष्टीने एकाच शिक्षणाची अंगे होती. नमस्काराने शरीर, कीर्तनाने मन, पंचायतीने नागरिक आणि चित्राने दृष्टी घडवावी, असे त्यांच्या एकंदर कार्यावरून दिसते. या भूमिकेने त्यांच्या कलेला सातत्य व लोकाभिमुखता दिली. स्वतःच राजा असल्याने त्यांना ग्राहकाची मर्जी सांभाळावी लागली नाही. परंतु त्याच कारणाने चित्र नाकारणारा ग्राहक किंवा स्पर्धकही त्यांच्या वाट्यास आला नाही. जे सांगावयाचे ते आधीच निश्चित असल्यामुळे चित्र काढता काढता काही नवे सापडावे, अशी अनिश्चितता त्यांनी फारशी जवळ केली नाही. आत्मशंकेतून होणारी वाढ त्यामुळे त्यांच्या शैलीत आढळत नाही. विषय व अभ्यास वाढत गेला, हात मात्र बराचसा तोच राहिला.

केवळ चित्रगुणांवर पाहता त्यांचे स्थान रविवर्मा किंवा धुरंधर यांच्या पंक्तीत ठेवता येणार नाही. परंतु चित्रामागे अभ्यास असावा, कथेची चित्रमालिका ग्रंथरूपाने वाचकाच्या हाती पडावी आणि उत्तम कला खेड्यातील माणसालाही विनासायास पाहता यावी, ही तीन सूत्रे त्यांनी आचरणात आणली. त्यांपैकी तिसरे सर्वांत फलदायी ठरले. चित्ररामायण आज मुख्यतः अभ्यासकांपुरते उरले असले, तरी औंधचे संग्रहालय शासनाच्या व्यवस्थेखाली चालू असून भवानरावांच्या कलाविषयक आस्थेचे तेच सर्वांत भक्कम प्रमाण होय.