वळिवडे : ‘आपण’ म्हणजे कोण?

वळिवड्याच्या पोलिश छावणीवरचे मराठी लेखन मी बोरी अरबला बसून वाचतो, तेव्हा एकाच शब्दाशी अडखळतो : ‘आपण’. आपण त्यांना आसरा दिला, असे हे लेखन अभिमानाने सांगते.

सोव्हिएत सत्तेने सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांतली सुमारे ५००० माणसे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ राहिली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. १९४५ नंतर अनेकांची गावेच पोलंडच्या सीमेबाहेर गेली; तरी ती माणसे पोलिशच राहिली. त्यांनी देश भाषेत आणि प्रार्थनेत सांभाळला.

या लेखनातला कळवळा खोटा नाही; अपुरा आहे. १९३१ साली बाबासाहेबांनी गांधीजींना, मला मायभूमी नाही, असे सुनावले. त्यांना कुणी हद्दपार केले नव्हते. पोलिश निर्वासिताची मायभूमी सीमेपलीकडे राहिली. आमची गावकुसाच्या आत राहिली आणि आम्ही बाहेर.

म्हणून वळिवड्याकडे दलित लेखकाने पाहुणचाराची गोष्ट म्हणून पाहू नये. दुःखाच्या नात्याने पाहावे. आणि ‘आपण’ लिहिणाऱ्यांनी लिहिण्याआधी त्यात कोण कोण धरले आहे, ते एकदा मोजावे.