इंटरनेटविना घर : दोन पुस्तके आणि एक राहून गेलेला प्रश्न

घरातले इंटरनेट बंद करून काही महिने साधेपणाने राहून पाहिले, अशा हकीकतींचा इंग्रजीत आता एक स्वतंत्र वाङ्‌मयप्रकारच झाला आहे. त्याचा मूळपुरुष अर्थातच थोरो. १८४५ च्या जुलैमध्ये तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला, दोन वर्षे दोन महिने राहिला आणि १८५४ साली त्याने त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी वाचकाला ते दुर्गाबाई भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार' या अनुवादामुळे परिचित आहे. थोरोच्या नंतरच्या अनुयायांनी त्याचे चिंतन उचलले. पण त्याचा जमाखर्च मात्र उचलला नाही. आपली झोपडी २८ डॉलर साडेबारा सेंटांत उभी राहिली, हे त्याने फळ्या, खिळे, चुना असे बाबवार मांडून दाखवले आहे. आम्हा विज्ञानाच्या लोकांना त्याचा तो तक्ता चिंतनाइतकाच मोलाचा वाटतो. कारण तो तपासता येतो.

या परंपरेतली दोन पुस्तके येथे विचारात घेतली आहेत. पहिले सुसान मॉशार्ट यांचे 'द विंटर ऑफ अवर डिस्कनेक्ट' (२०१०). बाई मूळच्या अमेरिकन, संज्ञापन-माध्यमांच्या अभ्यासक, ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे तीन किशोरवयीन मुलांसह राहणाऱ्या. २००९ च्या जानेवारीत त्यांनी घरातले सर्व पडदे सहा महिन्यांसाठी बंद केले. संगणक, दूरदर्शन संच, खेळयंत्रे, मोबाइल, सर्व काही. सुरुवातीला तर वीजही बंद. शीर्षकातला 'हिवाळा' हा शेक्सपिअरवरचा श्लेष आहे. दक्षिण गोलार्धातला जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, हे भूगोलाच्या शिक्षकांच्या लक्षात आलेच असेल. पंखा आणि शीतकपाटाशिवाय पर्थचा उन्हाळा काढणे ही गंमत नव्हे.

या घरात काय घडले, ते बाईंनी मोठ्या खुमासदार पद्धतीने सांगितले आहे. मुले प्रथम चिडली, कंटाळली. मग कंटाळ्यातून काही ना काही उगवू लागले. मुलाने अडगळीत टाकलेला सॅक्सोफोन पुन्हा हाती घेतला आणि तो त्यात रमला. धाकटीची विस्कटलेली झोप हळूहळू ताळ्यावर आली. जेवणे एकत्र होऊ लागली, पत्त्यांचे आणि पटावरचे खेळ निघाले. कंटाळा हा रोग नसून बहुधा एखाद्या उद्योगाची पूर्वतयारी असते, हे बाईंचे निरीक्षण प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. आणि बाई स्वतःला सोडत नाहीत. फोन उशाशी घेऊन झोपणारी आई त्या घरातली सर्वांत अवघड रुग्ण होती, हे त्या मुखपृष्ठावरच कबूल करतात.

त्या या सगळ्याला 'प्रयोग' म्हणतात, आणि येथे आम्हाला थोडे थांबावे लागते. प्रकाशाचा रोपावरील परिणाम दाखवण्यासाठी आपण वर्गात दोन कुंड्या घेतो, एक उन्हात आणि एक कपाटात. कपाटातल्या कुंडीचे पाणीही बंद केले, तर रोप प्रकाशाविना मेले की पाण्याविना, हे आठवीतला विद्यार्थीसुद्धा विचारील. मॉशार्ट यांच्या घरात इंटरनेट, दूरदर्शन, खेळ आणि फोन एकदमच गेले. धाकटीची झोप सुधारली ती यांपैकी कशामुळे? रात्रीच्या गप्पा थांबल्यामुळे, की आई प्रथमच झोपेच्या वेळांकडे बारकाईने पाहू लागल्यामुळे? आपल्यावर लक्ष आहे आणि आपल्यावर पुस्तक लिहिले जाणार आहे, हे ठाऊक असलेली माणसे वेगळी वागतात. एकच घर, तुलनेला दुसरे घर नाही, आणि सहा महिन्यांनंतर काय टिकले याची मोजदाद नाही. बाई मधूनमधून मानसशास्त्रातील संशोधनाचे हवाले देतात. ते वाचनीय आहेत, परंतु त्यांच्या घरातल्या अनुभवाला ते पुरावा म्हणून जोडले जातात आणि अनुभव पुन्हा त्या संशोधनाला पुरावा म्हणून. दोन पांगळ्यांनी एकमेकांना धरून चालावे तसा हा प्रकार आहे.

म्हणून पुस्तक टाकाऊ ठरत नाही. ते एका घराची प्रामाणिक रोजनिशी आहे. तिला प्रयोग म्हटले की मात्र आमच्यासारख्याला प्रयोगाचे नियम आठवतात.

दुसरे पुस्तक स्टीफन कर्झी या अमेरिकन पत्रकाराचे 'द क्वाएट झोन' (२०२१). हे गाव आमच्या विषयाच्या अधिक जवळचे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात डोंगरांनी वेढलेले ग्रीन बँक नावाचे खेडे आहे. तेथे मोठी रेडिओ दुर्बीण असल्यामुळे १९५८ साली सभोवतालच्या सुमारे १३ हजार चौरस मैलांच्या प्रदेशात रेडिओ-प्रक्षेपणावर निर्बंध आले. दुर्बिणीच्या अगदी निकट तर निर्बंध फारच कडक. पेट्रोल इंजिनातील ठिणगी रेडिओ-लहरी निर्माण करते, म्हणून दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या फिरतात.

एवढी काटेकोरपणाची गरज काय, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना एक हिशेब करून दाखवता येईल. एक वॅट शक्तीचा मोबाइल चंद्रावर ठेवला आणि त्याची शक्ती २०० किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्व दिशांना सारखी पसरली असे धरू. अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर. त्या त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठफळाने आणि पट्ट्याच्या रुंदीने भागले की पृथ्वीवर सुमारे २७० जान्स्की एवढी तीव्रता येते. कन्या राशीतील एम ८७ ही प्रख्यात रेडिओ-दीर्घिका या वारंवारतांना साधारण तेवढीच तेजस्वी दिसते. चंद्रावरचा एक फोन जर एका दीर्घिकेच्या तोडीचा, तर शेजारच्या घरातला वाय-फाय काय करील! राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या प्रदर्शनासाठी नारायणगावजवळच्या खोडदला गेलेल्या शिक्षकांना ही अडचण नवी नाही. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण आहे, आणि मोबाइलच्या संदेशांनी तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येऊ शकतो.

कर्झी ग्रीन बँकला गेले ते शांततेच्या शोधात. त्यांनी स्वतः अनेक वर्षे मोबाइल वापरलेला नव्हता. तेथे त्यांना काय आढळले? गावातल्या कित्येक घरांत वाय-फाय बिनधास्त चालू होते. नियम कागदावर, राउटर कपाटावर. हे शोधून निर्भीडपणे सांगितल्याबद्दल लेखकाला पूर्ण गुण द्यावे लागतील, कारण त्याच्याआधी 'इंटरनेट नसलेले गाव' म्हणून ग्रीन बँकवर लिहिणाऱ्यांनी हे तपासण्याची तसदी क्वचितच घेतली होती. मुळात त्या लेखांतला गोंधळ साध्या विज्ञानाचा होता. दुर्बिणीला इंटरनेटशी वैर नाही, तिला बिनतारी प्रक्षेपणाशी वैर आहे. तारेतून येणारे इंटरनेट तेथे वैध होते आणि लोक ते वापरत होते. 'बिनतारी नाही' आणि 'इंटरनेट नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या शांततेच्या कीर्तीमुळे, रेडिओ-लहरींनी आपल्याला आजार होतो असे मानणारी काही माणसेही तेथे येऊन स्थायिक झाली. त्यांची डोकेदुखी, निद्रानाश हे खरेच आहेत. परंतु लहरी चालू आहेत की बंद, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि परीक्षकालाही नाही, अशा रीतीने जेव्हा चाचण्या घेतल्या गेल्या तेव्हा ही माणसे ते ओळखू शकली नाहीत आणि बंद असतानाही त्यांना तितकाच त्रास झाला, असेच वारंवार दिसले आहे. कर्झी या माणसांविषयी सहानुभूतीने लिहितात, हे चांगले. मात्र या चाचण्यांचा अर्थ ते अधिक स्पष्टपणे सांगू शकले असते. पुढे तर पुस्तक जुने खून, वंशवादी टोळी असल्या रहस्यकथांकडे वळते आणि दुर्बीण मागे पडते. असो.

घरात इंटरनेट असल्याने वा नसल्याने मुलांचे काय होते, याची याहून शिस्तशीर उत्तरे आहेत आणि ती या पुस्तकांइतकी चटकदार नाहीत. पेरूमध्ये लिमा शहरातील मुलांना चिठ्ठ्या टाकून घरी संगणक व इंटरनेट देण्यात आले. अभ्यासातील प्रगतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रुमानियात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना संगणकासाठी २०० युरोंचे कूपन मिळाले. उत्पन्नाची मर्यादा जेमतेम गाठून ते मिळालेली आणि जेमतेम हुकलेली कुटुंबे यांची तुलना केली, तेव्हा संगणक मिळालेल्या मुलांचे शाळेतले गुण कमी आणि संगणक-कौशल्य जास्त आढळले. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीपूर्वी काही प्रौढांना १०२ डॉलर देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा दिवसाकाठी सुमारे एक तास मोकळा झाला, समाधान किंचित वाढले आणि बातम्यांची माहिती कमी झाली. 'किंचित' हा शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभत नाही, पण निष्कर्षांत बहुतेक वेळा तोच येतो.

आता दोन्ही पुस्तकांत राहून गेलेला प्रश्न. मॉशार्ट यांच्या मुलांनी सहा महिने घरी इंटरनेटशिवाय काढले, पण शाळेत, ग्रंथालयात, मित्रांकडे ते वापरायला त्यांना मोकळीक होती. गृहपाठासाठी लागणारे काम तेथे होत होते. याचा अर्थ असा, की त्या घराचा साधेपणा शाळेच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या जोरावर उभा होता. बाईंनी हे लपवलेले नाही. पण त्याचा जमाखर्चही मांडलेला नाही. थोरोच्या तक्त्याची आठवण आम्हाला येथे होते.

आपल्याकडे ही मांडणी उलटी आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशातल्या शंभरांपैकी सुमारे २४ घरांत इंटरनेटची सोय आढळली. ग्रामीण भागात सुमारे १५, शहरांत ४२. त्यानंतर हे प्रमाण पुष्कळ वाढले आहे, तरी २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा कोणाची मुले वर्गाबाहेर राहिली हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको. काश्मीरमध्ये तर ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट बंद झाले आणि वेगवान मोबाइल सेवा सर्वत्र पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्या दीड वर्षावर कोणी साधेपणाचे पुस्तक लिहिले नाही. उपास आणि उपासमार यांत पोटाला फरक कळत नसेल, माणसाला कळतो.

आणि आज ज्या घराने खरोखर विचार करून इंटरनेट घ्यायचे नाही असे ठरवले, त्याचे काय होते? गृहपाठ वडिलांच्या मोबाइलवरच्या गटात येतो. प्रकल्पाची चित्रे 'नेटवरून काढून' आणायची असतात. सहलीची सूचना, परीक्षेचे वेळापत्रक, सुटीचा निरोप, सगळे तिथेच. वडील रात्री कामावरून येईपर्यंत मुलीला उद्याचा अभ्यास कळत नाही, आणि आल्यावर तो फोन तिच्या हाती जातो तो काही केवळ गृहपाठापुरता नसतो. हा निर्णय त्या घराने घेतलेला नाही, शाळेने घेतलेला आहे, बहुधा नकळत. पर्थमधल्या शाळेने एका घराला इंटरनेट सोडता येईल अशी सोय ठेवली होती. फळ्यावर लिहून दिलेला गृहपाठ, शाळेच्या ग्रंथालयात दुपारी उघडा असणारा एक संगणक आणि सूचनावहीतली पालकांची सही, एवढ्याने आपल्या शाळांतही ती ठेवता येईल. आम्ही भेट दिलेल्या काही शाळांत ग्रंथालयाला कुलूप आणि संगणकावर खोळ होती. तेथे या सुधारणेचा खर्च किल्ली शोधण्यापुरताच आहे.

मॉशार्ट यांच्या प्रयोगातील उणीव वर्गात भरून काढता येईल, तीही कोणावर सक्ती न करता. पहिला आठवडा मुलांनी फक्त नोंदी कराव्यात : झोपण्याची व उठण्याची वेळ, मोबाइल वा दूरदर्शनसमोरची मिनिटे, बाहेर खेळलेला वेळ. दुसऱ्या आठवड्यात पालकांची संमती असलेल्या मुलांत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांनी रात्री जेवणानंतर पडदा पूर्ण बंद ठेवावा, दूरदर्शन चालू असला तर त्या खोलीत बसू नये. तिसऱ्या आठवड्यात गटांची अदलाबदल करावी. म्हणजे प्रत्येक मूल स्वतःच स्वतःच्या तुलनेला राहील. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांनीही तिन्ही आठवडे नोंदी कराव्यात. त्यांच्या नोंदींशिवाय तक्ता अपुरा राहील. शेवटी झोपेच्या मिनिटांची सरासरी काढताना एकेका मुलाचे आकडे फळ्यावर नावासह लिहू नयेत, आणि फरक पडला नाही तर तसेच नोंदवावे.