ठोकळ्यांवरचे ठसे

लेगोचा छोटा माणूस १९७८ साली बाजारात आला, तेव्हापासून त्याचं शरीर जवळपास तसंच आहे. त्याला ना कोपर, ना गुडघा. हात खांद्यातून वर-खाली होतो, मनगट गोल फिरतं, मान वळते, पाय कमरेतून पुढे-मागे हलतात. एवढ्या भांडवलावर त्याला रडवायचं, पळवायचं, प्रेमात पाडायचं! घरच्या टेबलावर, एका दिव्याच्या उजेडात, बाहुलं केसभर हलवून एकेक फोटो टिपत हौशी मंडळी कित्येक वर्षं हेच करत आली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या लिंडसे फ्लेने ‘द मॅजिक पोर्टल’ हा छोटा चित्रपट असाच १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केला आणि १९८९मध्ये पुरा केला.

या खेळण्यात एक सोय आहे आणि तिच्याच पोटात अडचण. ठोकळ्यावरच्या खुंटीवर पाय घट्ट बसला की बाहुलं तसूभरही ढळत नाही. मातीच्या बाहुलीसारखं ते दिव्याच्या उष्णतेने मऊ पडत नाही. पण दोन खुंट्यांमधलं अंतर आठ मिलिमीटर. म्हणजे पाऊल टाकायचं तर त्याच मापात, नाहीतर पाय अधांतरी धरून ठेवण्याची युक्ती शोधायची. या मोजक्या पावलांमुळे चालीला जो ठेका येतो, तो मला फार आवडतो.

‘द लेगो मूव्ही’ (२०१४) संगणकावर घडला, सिडनीच्या ॲनिमल लॉजिक स्टुडिओत. फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर या दिग्दर्शकांना एमेट या नायकाचं कोपर सहज वाकवता आलं असतं, पण त्यांनी ते वाकवलं नाही. सेकंदाला २४ चौकटी असूनही बहुतेक हालचाल १२ ठेवणींतच बसवली. म्हणून तिला हाताने सरकवल्याचा किंचित धक्का आहे. चेहऱ्यावरचे डोळे-तोंड छापील, सपाट. सगळा अभिनय त्या दोन-चार रेघांत. सकाळच्या व्यायामात एमेट उड्या मारतो, ते दृश्य मुद्दाम पाहा. पाय बाजूला फाकत नाहीत, तरी उत्साह तसूभर कमी नाही.

आणि मग तो समुद्र! लाटा उसळतात, फुटतात, जहाज त्यांच्यावर हेलकावतं, आणि हे सगळं पाणी ठोकळ्यांचं आहे. खऱ्या पाण्याचा वेग आणि वजन आधी संगणकाने काढलं, मग त्या पृष्ठभागावर ठोकळे रचले. लाट पुढे येते तसे ठोकळे जागा बदलत जातात. धूर, ज्वाळा, स्फोटही तसेच. डोळ्यांना खडबडीत प्लॅस्टिक दिसत असतं आणि पोटात मात्र बोट लागल्यासारखं ढवळतं.

माझ्या लेखी चित्रपटाचा कळस मात्र बेनीच्या हनुवटीखाली आहे. बेनी हा ऐंशीच्या दशकातला निळा अंतराळवीर. त्या काळच्या लेगो अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी फार पातळ असे आणि मुलांच्या हातात नेमकी मधोमध तुटे. बेनीचीही तिथेच तुटलेली आहे. छातीवरचं चिन्हही झिजून पुसट झालं आहे. या निर्मळ, अमूर्त संगणकी वस्तूला कलावंतांनी तीसेक वर्षांची झीज दिली, आणि ती अचूक जागी दिली.

ठोकळ्यांवर ओरखडे आहेत, बोटांचे ठसे आहेत. सुरुवातीला ते निव्वळ पोताचं कौशल्य वाटतात. शेवटी कॅमेरा खऱ्या तळघरात येतो, फिन नावाचा मुलगा आणि त्याचे वडील दिसतात, तेव्हा कळतं की हा सगळा खेळ फिनचा होता. एमेट तिथे टेबलावर नुसता पडलेला. महत्प्रयासाने अंग हलवत तो कडेवरून खाली पडतो. ‘द मॅजिक पोर्टल’मधली फ्लेची पात्रंही दारातून खऱ्या जगात शिरली होती, त्याची इथे आठवण होते.

पुन्हा पाहाल तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत गोष्ट सोडा आणि उजेड तिरपा पडतो तिथे नजर ठेवा. फिनच्या बोटांचे ठसे तेव्हापासूनच तिथे आहेत.