आघातोत्तर

१

माझी नात मानसशास्त्रात एम. ए. करते. दुसऱ्या वर्षी तिने 'मानसिक आघात आणि त्याचे परिणाम' हा विषय अभ्यासाला घेतला आणि सुट्टीत घरी येताना त्या विषयाची चारपाच पुस्तके बरोबर आणली. त्यांतले ज्यूडिथ हर्मन ह्यांचे 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' तिने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही जन्मभर आत्मचरित्रे शिकवलीत. हे वाचा, आणि 'बलुतं' ह्यात कुठे बसते ते मला सांगा."

पुस्तक वाचून झाले. प्रश्न मात्र मला वाटला होता तितका सोपा निघाला नाही. प्रस्तुत लेख हा त्याच्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

हर्मन ह्यांचे पुस्तक १९९२ साली प्रसिद्ध झाले, आणि ह्या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासात ते अजूनही प्रारंभीच हाती येते. त्याचे पहिले प्रकरण वाङ्मयाच्या अभ्यासकानेही वाचावे असे आहे. आघाताचा अभ्यास हा विषय वारंवार सापडतो आणि वारंवार हरवतो, असे त्यांचे म्हणणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये शार्कोने उन्मादी स्त्रियांकडे लक्ष दिले. १८९६ साली फ्रॉइडने त्या उन्मादाचे मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात दाखवले, आणि वर्षभरातच ते मत सोडले. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्सने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला. युद्ध संपले आणि शब्दाबरोबर माणसेही विसरली गेली. पुढे व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि स्त्रीमुक्तीची चळवळ ह्यांनी हा विषय पुन्हा वर काढला. पाठीशी एखादी चळवळ असेपर्यंतच समाज दुसऱ्याची जखम पाहू शकतो. चळवळ ओसरली की तो डोळे मिटतो. एवढे स्पष्ट विधान करायला शास्त्रज्ञाजवळ धैर्य लागते.

२

माझी अडचण पुढे सुरू होते, आणि ती एका शब्दाशी आहे. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात ज्या विकाराला जागा दिली, त्याला आपण मराठीत 'आघातोत्तर तणाव विकार' म्हणतो. आघात, आणि त्याच्या उत्तर, म्हणजे नंतर. व्याख्येत त्या वेळी अशीही अट होती, की घटना माणसाच्या नित्याच्या अनुभवापलीकडची असली पाहिजे. बलात्कार आणि मारहाण स्त्रियांच्या आयुष्यात इतकी सर्रास आहेत, की त्यांना अनुभवापलीकडची म्हणता येत नाही, हे हर्मन ह्यांनीच दाखवले. १९९४ च्या आवृत्तीतून ती अट गेली. दीर्घकाळ चाललेल्या छळाचा वेगळा विचार व्हावा, हा त्यांचा आग्रहही पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने मानला. ते २०२२ पासून अमलात आहे.

शास्त्र आपली चूक सुधारते, हे त्याचे मोठेपण. तरी 'नंतर' राहिलाच. हर्मन ह्यांनी बरे होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: पहिली सुरक्षितता, दुसरी आठवणे आणि शोक करणे, तिसरी नित्याच्या जीवनाशी पुन्हा नाते जोडणे. ह्यात एक गृहीत आहे. छळाची जागा सोडून माणूस बाहेर येऊ शकतो, आणि परत जाण्याजोगे नित्याचे जीवन त्याच्याजवळ आहे, हे ते गृहीत. ज्याचे नित्याचे जीवन हीच जखम आहे त्याने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवायचे कुठे?

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात गावकुसाबाहेरचा महारवाडा आहे, मुंबईतला कावाखाना आहे, शाळा आहे, नोकरी आहे. पण 'इथे आघात झाला' म्हणून बोट ठेवावे अशी एक घटना नाही. सबंध पुस्तकभर जे घडते ते 'उत्तर' नसलेले आहे. शिवाय, आघात घडताना मन तो पुरता अनुभवूच शकत नाही, म्हणून तो शब्दांच्या हाती लागत नाही, असा जो सिद्धांत कॅथी कॅरूथ ह्यांनी १९९६ साली मांडला आणि वाङ्मयाच्या वर्गांतून लोकप्रिय झाला, तोही येथे लंगडा पडतो. पवारांची स्मृती कोठेही अडखळत नाही. वास, चवी, शिव्या, नातीगोती सारे तिला स्वच्छ आठवते. अडचण आठवण्याची नव्हती. सांगावे कोणाला, ही होती.

३

नातीने आपल्या टिपणवहीत 'बलुतं'पुढे एक शब्द लिहिला होता: 'विघटन'. कारण उघड आहे. ह्या पुस्तकात निवेदक दोन आहेत. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवाराला सांगतो. एकच माणूस सांगणाराही आहे आणि ऐकणाराही. आघाताने व्यक्तित्व दुभंगते हे शास्त्र शिकलेल्या विद्यार्थिनीला येथे लक्षण दिसावे हे स्वाभाविक आहे.

पण मला हे वाचन पुस्तकावर अन्याय करणारे वाटते. लक्षण माणसावर येऊन पडते. आकृतिबंध तो निवडतो. दुभंगलेल्या मनाचे दोन भाग एकमेकांना ओळखत नसतात. दगडू आणि दया एकमेकांना पुरते ओळखतात, संकोचतात, आणि तरीही समोरासमोर बसतात. लक्षणात आठवण माणसाला धरून ठेवते, येथे माणसाने आठवण हातात धरली आहे. शास्त्र विचारते, ह्या माणसाचे काय झाले? टीकेने विचारायचे ते असे, की जे झाले त्याचे ह्या माणसाने काय केले?

मग पवारांनी हाच बंध का निवडला असावा? मला वाटते, कहाणी सांगायची तर ऐकणारा लागतो, आणि बाहेर तो नव्हता. म्हणून त्यांनी आपल्याच आत एक बसवला. व्हर्जिनिया वुल्फच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) ह्या कादंबरीतला सेप्टिमस आठवावा. युद्धात मेलेला त्याचा अधिकारी एव्हान्स त्याला लंडनच्या बागेत दिसतो. एक डॉक्टर म्हणतो, तुम्हाला काहीही झालेले नाही. दुसरा, मोठा, त्याला प्रमाणबद्धतेचा उपदेश करतो आणि घरापासून दूर धाडू पाहतो. अखेर सेप्टिमस खिडकीतून उडी टाकतो. विकाराला अधिकृत नाव मिळायला अजून ५५ वर्षे होती, पण वुल्फचे बोट नावाच्या अभावावर नाही. दोन डॉक्टर आहेत आणि दोघांपैकी एकही ऐकत नाही, ह्यावर ते आहे.

बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले, १९८६ साली पुस्तकरूपाने. घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षे लिहिलेले हे कथन 'मी'चे नाही, 'आम्हां'चे आहे. सासुरवासाने पिचलेल्या सुनांचे त्यात इतके दारुण चित्रण आहे, पण लेखिकेचा स्वतःचा संसार त्यात जवळजवळ नाही. पतीकडून सोसलेल्या माराविषयी त्या बोलल्या त्या पुढे, इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने माया पंडित ह्यांनी मुलाखतीत विचारले तेव्हा. विचारले, तेव्हा सांगितले.

४

येथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. लेख पुरा करवला नाही, त्याचे कारण घरातले आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आम्ही नारायण पेठेत वाड्याच्या तळमजल्यावर राहत होतो. मी दहा वर्षांचा होतो. आम्ही जगलो; घरातले काही उरले नाही. आई त्यानंतर तीस वर्षे जगली आणि त्या दिवसाविषयी एक अक्षर बोलली नाही. मात्र दर आषाढात, पाऊस धरला की ती धान्याचे डबे, आमची प्रमाणपत्रे, लग्नातला शालू असे सारे एकटीने माळ्यावर चढवी आणि दिवाळीला उतरवी. पुढे आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो, तरीही. आम्ही भावंडे हसत असू.

हे नातीला सांगितले तेव्हा तिने पुस्तकातला शब्द सांगितला: अतिसावधता. शब्द बरोबर आहे. मी मात्र वाद घातला, की तुझी पणजी कधी कण्हली नाही, चार मुले वाढवली. न सांगताही माणूस बरा होतो, तुमची दुसरी पायरी सर्वांना लागू नाही. नात थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आजोबा, पण तुम्ही तिला कधी विचारलंत?"

विचारले नव्हते. तीस वर्षांत एकदाही नाही. तिच्या मौनाला मी सोशिकपणा म्हणत आलो, कारण ते मला सोयीचे होते. हर्मन ज्या विस्मरणाविषयी लिहितात ते केवळ समाजाचे नसते. ते माळ्याखाली उभे राहून हसणाऱ्या मुलाचेही असते. माझा आक्षेप मी मागे घेत नाही. तीन पायऱ्यांचा जिना प्रत्येक घराला बसत नाही, आणि 'बलुतं' त्यात बसवू नये. पण त्या पुस्तकाचा गाभा पायऱ्यांत नाहीच. जखमी माणसाला साक्षी हवा असतो, हा तो गाभा. आणि दगडूपुढे दयाला बसवताना पवारांना तो वेगळ्या वाटेने गवसला होता. २०२३ च्या 'ट्रूथ अँड रिपेअर' ह्या पुस्तकात हर्मन ह्यांनी न्याय ही आणखी एक पायरी जोडली. समाजाने कबुली द्यावी, ही त्यातली मागणी आहे. 'बलुतं'च्या वाचकापुढेही अखेर हीच मागणी उभी राहते.

नातीला मी एवढेच लिहून पाठवले: 'विघटन' हा शब्द खोड, आणि त्याजागी 'श्रोता' लिही. 'आघातोत्तर'मधल्या 'उत्तर' ह्या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ काळाचा आहे, आणि तो पुष्कळांच्या वाट्याला येतच नाही. दुसरा मिळायचा तर आधी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो.