पेपर वाचूया : प्रशिक्षण दिलं, पण चोरी थांबली का?



पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न असतो : तुम्ही जे मोजणार आहात, त्यातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार आहे का? मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, अर्थशास्त्र माझा विषय नाही. तरी आज कस्टम्सवरचा एक पेपर घेतेय, कारण हा प्रश्न त्यात फार छान समजतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अनेक गरीब देशांच्या तिजोरीत आयातीवरच्या कराचा वाटा मोठा असतो. म्हणून त्यांच्या सीमाशुल्क खात्यांना बाहेरून मदत मिळते. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००६ मध्ये ‘कोलंबस’ हा क्षमता-बांधणीचा कार्यक्रम सुरू केला. संयुक्त राष्ट्रांची ‘अंक्टाड’ ही संस्था ‘असिकुडा’ हे सॉफ्टवेअर पुरवते. २०१७ मध्ये लागू झालेल्या व्यापार सुलभीकरण करारात तर अशा मदतीची तरतूदच आहे. पण या मदतीच्या अहवालांत बहुतेक वेळा काय मोजलेलं असतं? किती कार्यशाळा झाल्या, किती अधिकारी बसले. यामागे एक गृहीतक आहे : अधिकाऱ्याला माहिती कमी पडते, म्हणून करचोरी सुटते.

हे गृहीतक जागतिक बँकेतल्या संशोधकांनी मादागास्करमध्ये तपासलं. २०२० च्या एका अभ्यासात काही जोखमीच्या आयातीबद्दल तपासनिसांना जास्त तपशील दिले. फसवणूक पकडण्याचं प्रमाण ३.१ टक्के-बिंदूंनी वाढलं. म्हणजे माहितीचा उपयोग होतो. पण जिथे बुडणारा कर मोठा, तिथे हा परिणाम लक्षणीयरीत्या कमी! अज्ञान हेच कारण असतं, तर असं का व्हावं?

आता आजचा मुख्य पेपर : ‘करप्शन इन कस्टम्स’, २०२३, ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’. लेखक शालेंडार, फर्नांडिस, राबालां आणि रायकर्स. ठिकाण तेच, मादागास्करचं मुख्य बंदर. नियम असा, की कोणती आयात-घोषणा कोणत्या तपासनिसाकडे जाणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरतं. समजा तपासनीस दहा आहेत. मग एका एजंटाची साधारण दहातली एक फाईल प्रत्येकाकडे जायला हवी. शेकडो फायलींनंतरही दहातल्या चार एकाच माणसाकडे जात असतील, तर फासा कुणीतरी हाताने ठेवतंय. लाच दिसत नाही, पण फाशाचा कल दिसतो.

इथे तुम्ही लगेच शंका काढायला हवी : तो तपासनीस त्या मालातला जाणकार असेल तर? लेखकांनी याचं उत्तर दिलंय. अशा फायलींत करचोरीचा धोका जास्त, तरी फसवणुकीचा शेरा कमी वेळा, आणि माल सुटतो लवकर. जाणकाराकडून याच्या उलट अपेक्षा असती. पुढे फायली वाटण्याचं काम तिसऱ्या संस्थेकडे दिलं, तर हेराफेरीने नवं रूप घेतलं. या गैरप्रकारातलं नुकसान एकूण जमा कराच्या सुमारे ३ टक्के, आणि तेही मोजक्याच तपासनीस-एजंटांभोवती. आता सांगा, सगळ्या खात्याला कार्यशाळेत बसवून यातलं काय बदलणार?

पेपर मला आवडला, पण तीन गोष्टी खटकतात. एक, ‘धोका’ हा स्वतःच एक अंदाज आहे. तो चुकला तर पुढचा निष्कर्षही डळमळतो. दोन, ही पद्धत फक्त फासा वळवणाऱ्यांना पकडते. नियमाप्रमाणे फाईल आली आणि मग पैसे घेतले, तर ते यात दिसतच नाही. म्हणून ३ टक्के हा एका प्रकाराचा आकडा आहे, ‘कस्टम्समधला भ्रष्टाचार ३ टक्के’ असं लिहू नका. तीन, बंदर एकच. प्रशिक्षण निरुपयोगी असतं असा निष्कर्ष यातून निघत नाही, आणि २०२० चा अभ्यासही तसं म्हणत नाही. निघतं ते इतकंच, की डोकी मोजून प्रशिक्षणाचं यश ठरत नाही.

आपल्याकडेही २०२० पासून ‘फेसलेस असेसमेंट’ आहे. न्हावा शेवाला उतरलेल्या मालाची कागदपत्रं दुसऱ्या शहरातल्या अधिकाऱ्याकडे आपोआप जाऊ शकतात. ही पद्धत काम करते का, हे तपासायला तुम्ही कोणता विदा मागाल? आणि तो मिळाला नाही, तर प्रश्न बदलाल की मिळेल तेच मोजून मोकळे व्हाल?

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक कागद घ्या. डावीकडे तुमचा प्रश्न लिहा, उजवीकडे तुम्ही मोजणार ती गोष्ट. मधल्या जागेत दोन्ही जोडणारं गृहीतक लिहा. ते एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर विदा गोळा करायला अजून निघू नका.