सॉल्टेअर : जतन झालेली गिरणी आणि लोपलेला आवाज

औद्योगिक वारशाचे जतन करताना नेमके काय जतन होते, हा प्रश्न इंग्लंडमधील सॉल्टेअर या गिरणीगावाच्या संदर्भात तीव्रतेने उपस्थित होतो. यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डनजीक एअर नदीकाठी वसलेल्या या गावाला २००१ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. एकेकाळी भोंग्याच्या तालावर जगणाऱ्या या गावात आज पर्यटक येतो तो चित्रे पाहण्यास, पुस्तके चाळण्यास आणि दगडी गल्ल्यांतून रमतगमत हिंडण्यास.

गावाचा संस्थापक टायटस सॉल्ट (१८०३–१८७६) हा अल्पाका लोकरीच्या व्यवसायात धनाढ्य झालेला कारखानदार. धूर व पटकीच्या साथी यांनी ग्रासलेल्या ब्रॅडफर्डबाहेर त्याने नवी गिरणी उभारली. १८५३ साली, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, तिचे उद्घाटन झाले. पाठोपाठ आठशेहून अधिक घरे, प्रार्थनामंदिर, शाळा, रुग्णालय, वृद्धाश्रम व उद्यान झाले. गावाचे नाव मालकाच्या आडनावावरून व नदीवरून पडले. रस्त्यांना त्याच्या पत्नीची व मुलांची नावे मिळाली. मुकादमांची घरे साध्या कामगारांच्या घरांहून मोठी, हा भेद आजही रस्त्यावरून दिसतो. गावात मद्यगृहास मज्जाव होता. सॉल्टचे औदार्य निर्विवाद आहे. परंतु ते औदार्य आणि कामगारांच्या खासगी जीवनावरील नियंत्रण हे एकाच योजनेचे दोन भाग होते. सध्याच्या गावात ‘टायटसला सांगू नका’ अशा अर्थाच्या नावाचे मद्यगृह निघाले, यातील विनोद त्या नियंत्रणाची आठवण ठेवतो. माहितीफलकांच्या आदरयुक्त भाषेपेक्षा तो अधिक बोलका वाटतो.

१९८६ साली गिरणी बंद पडली. पुढील वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेऊन तेथे ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेल्या डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रांचे दालन सुरू केले. हा निर्णय धाडसी होता आणि त्यामुळे इमारत वाचली, याचे श्रेय नाकारता येणार नाही. आक्षेप आहे तो रिकामेपणाच्या सौंदर्यीकरणाला. लोखंडी खांबांच्या रांगा, दगडी फरशी व उंच खिडक्यांतून येणारा प्रकाश यांच्या सान्निध्यात चित्रे खुलतात. मात्र हा अवकाश इतका प्रशस्त का, याचे उत्तर तेथून हलवलेल्या यंत्रांत आहे. कानठळ्या बसवणारा खडखडाट, लोकरीची धूळ, तेलाचा वास आणि अर्धवेळ शाळा व अर्धवेळ गिरणी अशी विभागणी झालेले बालपण यांचा प्रत्यय त्या शांततेत येत नाही. इतिहासविषयक प्रदर्शन आहे, पण बहुसंख्य प्रेक्षकांच्या अनुभवाचा गाभा चित्रदालन व दुकाने हाच राहतो.

स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथे जुन्या कताई-यंत्रावर आजही लोकरीचे सूत काढले जाते. एक यंत्र म्हणजे गिरणी नव्हे, हे खरे. तरीही चाती फिरताना पाहणाऱ्यास श्रमाच्या गतीची काही कल्पना येते.

आणखी एक उणीव अधिक गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रॅडफर्ड परिसरातील लोकर-गिरण्यांच्या रात्रपाळ्या मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानातून, विशेषतः मीरपूर भागातून आलेल्या कामगारांनी चालवल्या. परंतु सॉल्टेअरची प्रचलित कथा व्हिक्टोरियन संस्थापकापासून आरंभून थेट चित्रकारापर्यंत झेप घेते. मधल्या शतकातील माणसे त्या झेपेखाली राहतात.

गिरणगाव पाहिलेल्या मराठी वाचकास ही झेप अपरिचित नाही. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे फिनिक्स मिलच्या आवारात बाजारसंकुल उभे राहिले आणि चिमणी तेवढी राखली गेली. सॉल्टेअरमध्ये निदान घरे, शाळा व रस्ते एकत्र उभे आहेत, त्यामुळे हरवलेल्या कामगाराचा माग काढण्यास जागा उरते. परळ-लालबागमध्ये चाळी पडत गेल्यावर तो माग मुख्यतः कामगारांच्या मौखिक आठवणींतच शोधावा लागतो, आणि त्या सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.